लक्सच्या जाहिरातीतला पहिला भारतीय चेहरा सात वर्षांत ‘आई’ कसा झाला? लीला चिटणीसांची गोष्ट, आणि सुईशिवाय सुरकुत्या कमी करण्यामागचं विज्ञान

मालाड पश्चिमेला ‘बॉम्बे टॉकीज कंपाउंड’ नावाची जागा आहे. आज तिथे गाळे, वर्कशॉप, सामान चढवणारे टेम्पो आणि चहाची टपरी असा सगळा कारभार दिसतो. इथे एकेकाळी देशातला सगळ्यात शिस्तीचा सिनेमा स्टुडिओ होता, हे कुणी मुद्दाम सांगितल्याशिवाय कळणार नाही.

1941 साली या स्टुडिओची नायिका लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकली. तोपर्यंत लक्स म्हटलं की हॉलिवूडच्या नट्या असायच्या. भारतीय नटीचा चेहरा लक्सने पहिल्यांदाच घेतला आणि तो चेहरा मराठी होता. लीला चिटणीस.

आता सात वर्षं पुढे या. 1948 साली ‘शहीद’ आला. नायक दिलीपकुमार, वय पंचविशीतलं. त्याच्या आईच्या भूमिकेत होत्या लीला चिटणीस. त्यांचं वय तेव्हा 39 सुद्धा पूर्ण नव्हतं. म्हणजे आई आणि मुलात फरक फक्त 13 वर्षांचा!

आज आपल्या फीडवर चाळिशीनंतरच्या सुरकुत्यांचे इतके रील्स येतात की आईच्या मोबाईलवर दुसरं काही दिसतच नाही. सीरम, रोलर, फेस योगा, आणि ‘इंजेक्शन नको पण काहीतरी करायचंय’ असं म्हणणारे सगळे. हे सगळं वाचताना आम्हाला लीलाबाई आठवल्या. देशाला सुंदर कातडीचं स्वप्न विकणारा पहिला भारतीय चेहरा त्यांचा होता, आणि त्याच चेहऱ्यावर सुरकुत्या पडायच्या आधीच सिनेमाने म्हातारपण चढवलं.

तर गोष्ट सुरू होते धारवाडला.

1909 साली तिथे त्यांचा जन्म झाला. माहेरचं आडनाव नगरकर. वडील इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक आणि ब्राह्मो समाजाच्या विचारांचे, त्यामुळे मुलीला शिकवण्यात कसूर नव्हती. तरी लग्न मात्र पंधरा-सोळाव्या वर्षीच झालं, डॉ. गजानन चिटणीसांशी. चार मुलगे झाले. नवरा-बायको दोघंही स्वातंत्र्याच्या चळवळीकडे ओढा असलेले. इंग्रज सरकारला हवे असलेले क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय यांना त्यांनी आपल्या घरात आसरा दिला होता. पकडले गेले असते तर दोघांची रवानगी तुरुंगातच होती.

पुढे संसार मोडला. पदरात चार पोरं आणि हाताशी बी. ए. ची पदवी. लीलाबाईंनी शाळेत शिकवलं आणि जोडीला नाटकात काम केलं. तो ‘नाट्यमन्वंतर’चा काळ. इब्सेन आणि शॉ वाचलेली मंडळी मराठी रंगभूमीवर नवं काही करू बघत होती. 1934 च्या ‘उसना नवरा’मध्ये लीलाबाई होत्या.

पण नाटकावर चार मुलांचं घर चालत नाही. म्हणून सिनेमा. सुरुवात अगदी गर्दीतल्या एक्स्ट्रापासून झाली. मग मारामारीचे चित्रपट मिळाले. 1937 च्या ‘जंटलमन डाकू’त त्या पुरुषी कपड्यांत होत्या, आणि त्या काळात सिनेमावाल्यांना त्यांचं सगळ्यात मोठं कौतुक कशाचं होतं, तर नटी चक्क पदवीधर आहे याचं! चांगल्या घरातल्या बायका तेव्हा सिनेमात येत नसत. त्यामुळे त्यांची पदवी हीच जाहिरात झाली. पुढे प्रभातचा ‘वहाँ’, रणजितचा ‘संत तुलसीदास’, आणि 1939 मध्ये मालाडहून बोलावणं आलं.

बॉम्बे टॉकीजची स्थापना 1934 ची. हिमांशू राय आणि देविकाराणी यांचा हा स्टुडिओ. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि कॅमेरामन योसेफ विर्शिंग हे दोघे जर्मनीहून आणलेले. लीला चिटणीस आणि अशोककुमार यांचा ‘कंगन’ ऑस्टेननेच केला. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि इंग्रज सरकारने शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून या जर्मन मंडळींना नजरकैदेत टाकलं. स्टुडिओचं कंबरडं मोडायची वेळ होती. तरी ‘कंगन’ चालला. त्यानंतर ‘आझाद’, ‘बंधन’ आणि ‘झूला’. अशोककुमार-लीला चिटणीस ही जोडी गाजली. डोळ्यांनी बोलायचं कसं हे आपण लीलाबाईंकडून शिकलो, असं पुढे खुद्द अशोककुमारांनी मान्य केलं.

लक्सची जाहिरात याच यशाच्या टोकावरची. नायिका तिशी ओलांडलेली, चार मुलांची आई. आजच्या भाषेत ‘कमबॅक मॉम’ वगैरे हॅशटॅग झाला असता. तेव्हा मात्र पडद्यावरच्या नायिकेच्या घरी चार पोरं आहेत ही गोष्ट कुणी मिरवत नसे.

इथे थोडं थांबून एक गंमत बघू. चेहऱ्यावर सुरकुती ‘दिसते’ म्हणजे नक्की काय होतं? सुरकुती ही बारीक खाच असते. प्रकाश बाजूने आला की खाचेत सावली पडते आणि रेघ उमटते. तोच प्रकाश समोरून, मऊ करून टाकला की सावली गायब आणि रेघही गायब. काळ्या-पांढऱ्या सिनेमातल्या नायिकांचे चेहरे चंद्रासारखे दिसायचे त्यात साबणाइतकंच, खरं तर साबणापेक्षा खूपच जास्त, श्रेय दिवे लावणाऱ्याचं होतं. आज रील करणाऱ्यांच्या हातातला रिंग लाइट हेच करतो.

उलटं करायचं असेल तरी युक्ती तीच. मेकअपवाला कपाळावर, नाकाच्या कडेला गडद रेघ ओढतो, तिच्या शेजारी उजळ रेघ ओढतो, की खोटी सावली तयार. केसांना पांढरं लावलं की पंचेचाळीस मिनिटांत तीस वर्षं वाढतात.

1951 च्या ‘आवारा’मध्ये हे दोन्ही एकाच चित्रपटात दिसतं. आधीच्या भागात लीलाबाई पृथ्वीराज कपूर यांची तरुण बायको आहेत आणि नंतर राज कपूरची थकलेली आई. पृथ्वीराज त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठे, राज कपूर पंधरा वर्षांनी लहान. म्हणजे वयाच्या हिशेबाने बायकोची भूमिकाच खरी आणि आई रंगवलेली. पण लोकांनी लक्षात ठेवली ती आई.

मग आईच आई. ‘नया दौर’मध्ये दिलीपकुमारची, ‘काला बाजार’मध्ये देव आनंदची, ‘गंगा जमना’मध्ये पुन्हा दिलीपकुमारची, ‘गाईड’मध्ये पुन्हा देव आनंदची. खोकणारी, शिवणयंत्रावर बसलेली, मुलाची वाट बघणारी हिंदी सिनेमातली जी आई आपण आज मीममध्ये वापरतो, तिचा साचा बऱ्याच अंशी लीलाबाईंनी घडवला.

आणि अशोककुमार? ते लीलाबाईंहून दोन वर्षांनी लहान. 1958 च्या ‘हावडा ब्रिज’मध्ये ते नायक होते आणि नायिका होती पंचविशीतली मधुबाला. त्यांच्याही चेहऱ्यावर तोपर्यंत रेषा आल्याच होत्या. त्या कुणाला खटकल्या नाहीत. आम्हाला विचाराल तर लीलाबाईंच्या बाबतीत प्रश्न त्वचेचा कधी नव्हताच.

लीलाबाई नुसत्या आई करत बसल्या नाहीत हेही सांगायला हवं. 1955 मध्ये त्यांनी ‘आज की बात’ हा चित्रपट काढला आणि दिग्दर्शितही केला. त्या काळात कॅमेऱ्यामागे उभ्या राहिलेल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

आता तुमचा प्रश्न. त्या काळात एखाद्या नटीला सुया न टोचता सुरकुत्या खरोखर कमी करायच्या असत्या, तर काय मिळालं असतं? उत्तर अगदी छोटं आहे. काहीच नाही. कोल्ड क्रीम, साय, हळद-बेसन यांनी कातडी मऊ राहते, कोरडेपणामुळे दिसणाऱ्या बारीक रेषा तात्पुरत्या झाकल्या जातात, एवढंच. साबणाचं तर उलटं आहे. कुठल्याही साध्या साबणाच्या वडीचा गुण अल्कधर्मी असतो, त्वचा मात्र किंचित आम्लधर्मी. साबणाने त्वचेवरचं तेल निघून जातं, कातडी ओढल्यासारखी होते आणि रेषा जास्तच उठून दिसतात.

खरं औषध सापडलं ते मुरुमांच्या नादात. अमेरिकेत फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारं ट्रेटिनॉइन मुरुमांवर वापरत होते. मध्यमवयीन बायका सांगू लागल्या की मुरुमं गेलीच, पण रेषाही कमी झाल्या. 1986 मध्ये यावरचं संशोधन छापून आलं आणि 1995 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बारीक सुरकुत्यांसाठी ट्रेटिनॉइनच्या क्रीमला मान्यता दिली. (या क्लिगमन साहेबांचं नाव काढलं की दुसरी गोष्टही सांगावी लागते. त्यांनी वर्षानुवर्षं तुरुंगातल्या कैद्यांवर त्वचेचे प्रयोग केले आणि त्यासाठी त्यांच्यावर आजही टीका होते.)

हे औषध करतं काय? त्वचेला ताणून धरणारं कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं. उन्हातली अतिनील किरणं ते तोडतात. पाळी गेल्यानंतर तर पहिल्या पाचेक वर्षांतच बायकांच्या त्वचेतलं अंदाजे 30 टक्के कोलॅजेन कमी होतं, म्हणून पन्नाशीच्या आसपास चेहरा एकदम बदलल्यासारखा वाटतो. ट्रेटिनॉइन ही मोडतोड कमी करतं आणि नवं कोलॅजेन तयार व्हायला मदत करतं. दुकानात मिळणारं रेटिनॉल त्याचंच सौम्य भावंड. दोन्ही रात्री लावायचे, वाटाण्याएवढे, सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनदाच. आधी कातडी सोलते, लाल होते. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. खोल सुरकुत्या पुसल्या जात नाहीत. गरोदरपणात किंवा त्याचा विचार असताना ही दोन्ही वापरायची नाहीत. आणि ट्रेटिनॉइन हे डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध आहे. मेडिकलवाल्याने ‘गोरं करणारी’ म्हणून दिलेल्या ट्यूबमध्ये ट्रेटिनॉइनबरोबर स्टेरॉइड असू शकतं. त्याने चार आठवडे चेहरा चमकतो, नंतर कातडी पातळ होते. ही ट्यूब घरात असेल तर नुसती फेकूही नका, आधी डर्मेटॉलॉजिस्टना दाखवा. कारण ती अचानक बंद केली की चेहरा भडकतो.

त्याहून स्वस्त गोष्ट म्हणजे सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियात 55 वर्षांखालच्या 903 लोकांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. रोज न चुकता सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारपण मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्के कमी निघालं. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या एका 69 वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो वैद्यकीय नियतकालिकात आला. 28 वर्षं ट्रक चालवून खिडकीकडची डावी बाजू सुरकुत्यांनी भरलेली, उजवी त्यामानाने तरुण. काचेतून अतिनील किरणांपैकी यूव्हीए आत येतात. बेस्टच्या बसमध्ये किंवा एसी लोकलमध्ये खिडकी पकडणाऱ्यांनी आणि ऑफिसात काचेशेजारी बसणाऱ्यांनी हा फोटो एकदा शोधून बघा. एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्त, पीए+++ लिहिलेलं, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला मेलॅनिनचं थोडं संरक्षण असतं, सुरकुत्या जरा उशिरा येतात, पण डाग आधी येतात. म्हणूनच लेझर किंवा केमिकल पील करताना आपल्याकडे भीती वेगळी असते. जोर जास्त झाला की काळे डाग मागे राहतात.

फेस योगाचं काय, हेही विचाराल. 2018 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. 40 ते 65 वयाच्या बायकांनी 20 आठवडे चेहऱ्याचे व्यायाम केले. गाल थोडे भरलेले दिसले. पण शेवटपर्यंत टिकलेल्या बायका फक्त 16. करायचा तर करा, पैसे मात्र भरू नका.

बोटॉक्सला भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली 2002 मध्ये. लीलाबाई तेव्हा अमेरिकेतच होत्या. 1981 मध्ये ‘चंदेरी दुनियेत’ हे आत्मचरित्र लिहून झालं, 1980 च्या दशकात शेवटचे चित्रपट झाले आणि मग त्या मुलांकडे निघून गेल्या. ज्या देशातल्या नट्यांच्या रांगेत लक्सने त्यांना बसवलं होतं, त्याच देशात कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी गावी, एका नर्सिंग होममध्ये 14 जुलै 2003 रोजी त्या गेल्या. वय 93.

‘आवारा’ बघायचा झाला तर यावेळी सुरुवातीचा भाग जरा नीट बघा. त्यातल्या लीलाबाईंच्या चेहऱ्यावर अजून कुणी रेघा ओढलेल्या नाहीत.