आकड्यांशी इमान राखणारा संशोधक : प्रशांतचंद्र महालनोबिस

उन्हाळी सुट्टीत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी भेटीस आला. तो सध्या अर्थशास्त्रात संशोधन करीत असून शेतमजुरांच्या मजुरीची पाहणी त्याने स्वतः गावोगाव फिरून केली आहे. लॅपटॉप उघडून त्याने तक्ते दाखविले, तेव्हा एकाच माहितीच्या चार फायली आमच्या दृष्टीस पडल्या. चारहींच्या नावांत ‘अंतिम’ हा शब्द होता; त्यांतील खरी अंतिम कोणती, हे त्यालाही निश्चित सांगता येईना. मजुरीच्या एकाच रकान्यात काही ठिकाणी रोजचा आकडा होता, तर काही ठिकाणी आठवड्याचा. मेहनतीत कसूर नव्हती. आकडे सांभाळण्याची शिस्त तेवढी नव्हती. त्या संध्याकाळी आम्ही त्याला प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे चरित्र सांगितले. तेच या स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडक्यात मांडीत आहोत.

महालनोबिस यांचा जन्म 29 जून 1893 रोजी कलकत्त्यात एका ब्राह्मो कुटुंबात झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजातून 1912 साली भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिकले. 1915 मध्ये मायदेशी परतण्याच्या वेळी महायुद्धामुळे जहाज लांबले. त्या रिकाम्या दिवसांत कॉलेजच्या ग्रंथालयात ‘बायोमेट्रिका’ या संख्याशास्त्रीय नियतकालिकाचे अंक त्यांच्या हाती आले. त्यांनी ते सर्व खंड विकत घेतले आणि परतीच्या प्रवासात वाचावयास आरंभ केला. भौतिकशास्त्राचा हा पदवीधर पुढे देशाच्या संख्याशास्त्राचा पाया घालणारा ठरला, त्याचे बीज त्या वाचनात होते.

परतल्यावर ते प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. 1920 साली नागपुरात भरलेल्या सायन्स काँग्रेसच्या अधिवेशनात प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापनाचे आकडे अभ्यासण्याची विनंती त्यांना केली. त्यातून 1922 साली त्यांचा या विषयावरील पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी उत्तर बंगालमध्ये मोठा पूर आला आणि 1926 मध्ये ओरिसातील ब्राह्मणी नदीला. ओरिसातील अभियंत्यांचे मत असे होते की नदीचे पात्र गाळाने उंचावले असून बांधांची उंची वाढविली पाहिजे. महालनोबिस यांनी सुमारे साठ वर्षांच्या जुन्या नोंदी काढून तपासल्या. पात्र उंचावल्याचा पुरावा त्यांत आढळला नाही. तज्ज्ञांचा समज आणि कागदावरील नोंद यांत विरोध आला, तर आधी नोंद तपासावी, हा धडा येथे दिसतो. ओरिसात चूक झाली असती, तर तिची किंमत बांधांमागे राहणाऱ्या शेतकऱ्यांनी मोजली असती.

आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्यांचे 1933 सालचे काम. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालमधील जाती-जमातींची मापे घेऊन ती 1891 मध्ये प्रसिद्ध केली होती. नाकाच्या मापावरून जातींची उच्चनीचता वंशाशी जोडणारा हाच तो रिस्ले. 1901 च्या जनगणनेचा प्रमुखही तोच. त्याचे आकडे चाळीस वर्षे ग्रंथांतून उद्धृत होत राहिले. महालनोबिस यांनी ते पुन्हा हाती घेतले, मूळ मापांवरून सरासरी व निर्देशांक यांचा मेळ बसतो का ते पाहिले आणि त्यांतील चुका शोधून सुधारित आकडे प्रसिद्ध केले. येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. त्यांनी रिस्लेचा जातिसिद्धान्त खोडून काढला नाही; त्यांनी त्याच्या आकड्यांची छाननी केली. शरीरमापनाच्या पुराव्याच्याच आधारे अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे नाहीत, असे प्रतिपादन बाबासाहेबांनी 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले. परंतु छापले गेले म्हणून आकडे पवित्र होत नाहीत, ही गोष्ट दोघांच्याही कामातून सिद्ध होते. ज्यांच्या माथी चुकीचे आकडे मारले गेले, त्या समाजाने ती विसरता कामा नये.

डिसेंबर 1931 मध्ये महालनोबिस यांच्या पुढाकाराने भारतीय सांख्यिकी संस्थेच्या स्थापनेचा निर्णय झाला. संस्थेचा आरंभ प्रेसिडेन्सी कॉलेजातील त्यांच्या छोट्या प्रयोगशाळेतून झाला. 1933 पासून ‘संख्या’ हे तिचे नियतकालिक निघू लागले. 1937 साली बंगालमधील तागाच्या पिकाची नमुना पाहणी हाती घेण्यात आली. एकदम सारा प्रांत न घेता त्यांनी लहान चाचणी पाहणीने सुरुवात केली आणि दरवर्षी व्याप वाढवीत नेला. त्यांची आणखी एक युक्ती आजही अनुकरणीय आहे. एकाच भागातून दोन स्वतंत्र नमुने घ्यावयाचे, ते दोन वेगळ्या तुकड्यांकडे सोपवावयाचे आणि मग निष्कर्षांची तुलना करावयाची. दोघांत मोठी तफावत आली, तर चूक कोठे झाली याचा शोध सुरू होई. माणूस चुकतो, हे गृहीत धरूनच त्यांनी कामाची रचना केली होती. सरकारने प्रत्येक शेताची मोजणी करवूनही 1941 मध्ये तागाच्या उत्पादनाचा जो आकडा काढला, त्यापेक्षा नमुना पाहणीचा अंदाज व्यापाऱ्यांच्या प्रत्यक्ष आकड्यांच्या अधिक जवळ होता.

त्यांच्या पद्धतीलाही आव्हान मिळाले. शेतात कापणीसाठी फार लहान तुकडा घेतल्यास कडेची रोपे आत धरली जातात आणि उत्पादन फुगते, हे पां. वा. सुखात्मे या मराठी संख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिले. हा वाद शास्त्रीय लेखांतून रंगला. कामाची रीत उघडपणे मांडलेली होती, म्हणूनच तिच्यातील उणीव दुसऱ्याला दाखविता आली.

स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे ते अध्यक्ष झाले. पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ व व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य होते. 1950 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. गरिबाच्या घरात महिन्याला काय शिजते आणि कशावर किती खर्च होतो, हे देशपातळीवर नियमितपणे नोंदले जाऊ लागले. 1956 च्या सुमारास देशातील पहिला अंकीय संगणक याच संस्थेत बसविण्यात आला. 1956 ते 1961 च्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडाही त्यांचाच. अवजड उद्योगांवर भर देताना शेती मागे पडली, अशी टीका त्यावर झाली व ती निराधार नव्हती. आकडे अचूक असले तरी त्यांवरून काढलेले धोरण वादातीत नसते. 1968 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. 28 जून 1972 रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांचे निधन झाले. 2007 पासून 29 जून हा दिवस राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.

संशोधनाकडे वळलेल्या आमच्या मुलामुलींना या चरित्रातून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. गावातून आणलेली मूळ माहिती वेगळी ठेवावी आणि तिला कधीही हात लावू नये. दुरुस्ती नेहमी प्रतीवर करावी. प्रत्येक रकान्याचा अर्थ व एकक कोठेतरी लिहून ठेवावे. तक्त्यात हाताने खाडाखोड करण्याऐवजी दुरुस्तीची प्रत्येक पायरी प्रोग्राममध्ये लिहावी, म्हणजे मूळ फायलीपासून शेवटच्या तक्त्यापर्यंतचा प्रवास पुन्हा करून पाहता येतो. ती पायरी का घेतली, याची ओळही शेजारी असावी. फायलीच्या नावात ‘अंतिम’ नव्हे, तारीख घालावी. एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. आणि निष्कर्ष जाहीर करण्यापूर्वी एखाद्या मित्राला तेच गणित स्वतंत्रपणे करावयास सांगावे.

आमच्या त्या विद्यार्थ्याने नंतर आपल्या पाहणीच्या मूळ वह्या काढून सारी माहिती नव्याने भरली. एका मैत्रिणीने त्याच वह्यांवरून स्वतंत्रपणे भरली आणि दोघांनी तक्ते ताडून पाहिले. रोजचे व आठवड्याचे आकडे वेगळे होताच त्या गावांतील स्त्रियांची मजुरी आधी दिसत होती त्याहून कमी निघाली. आठवड्याचे आकडे रोजचे म्हणून मोजले गेले होते. त्या स्त्रियांनी आपला दाम खराच सांगितला होता. तो तसाच कागदावर उतरविणे हे आता त्यांच्या शिकलेल्या लेकरांचे काम आहे.