डॉ. एलिझाबेथ ब्लॅकवेल

शाळेचा निरोप घेऊन महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याचे पहिले काही महिने बहुधा अवघड जातात. वर्ग मोठा, चेहरे अनोळखी, अध्यापकांना आपले नावही ठाऊक नाही आणि घरची माणसे दूर. सुटीत भेटायला येणारे आमचे माजी विद्यार्थी ही हकीकत कधी हसत, तर कधी खालमानेने सांगतात. अशा वेळी मला १८४७ सालच्या एका विद्यार्थिनीची आठवण होते. शंभरावर तरुणांच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. आणि तिला तो प्रवेश मिळाला होता तोही थट्टेपायी.

एलिझाबेथ ब्लॅकवेल हिचा जन्म ३ फेब्रुवारी १८२१ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरी झाला. वडिलांचा साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता. १८३२ मध्ये हे मोठे कुटुंब अमेरिकेस गेले. तेथे १८३८ मध्ये वडील वारले. घरात पैसा उरला नव्हता, म्हणून आई व मुली शाळा चालवून पोट भरू लागल्या. एलिझाबेथही शिक्षिका झाली.

वैद्यकाची तिला उपजत आवड होती असे मात्र नाही. शरीर, रोग, जखमा यांचा विचारही तिला नकोसा वाटे. पण एका परिचित स्त्रीने मरणापूर्वी तिच्यापाशी आपले दुःख बोलून दाखवले. आजार सांगायला एखादी स्त्री डॉक्टर असती, तर आपल्या यातना खूपच कमी झाल्या असत्या, असे त्या स्त्रीचे म्हणणे होते. हा विचार एलिझाबेथच्या मनातून जाईना. तिने शाळेत संगीत शिकवून पैसा साठवला, डॉक्टरांच्या घरी राहून त्यांच्या ग्रंथसंग्रहातील पुस्तके वाचली आणि अनेक वैद्यकीय विद्यालयांकडे अर्ज पाठवले. एकामागून एक नकार येत गेले.

न्यूयॉर्क राज्यातील जिनीव्हा या लहानशा गावच्या विद्यालयाने मात्र निराळी युक्ती काढली. सरळ नकार देण्याऐवजी प्राध्यापकांनी तो प्रश्न विद्यार्थ्यांपुढेच ठेवला. एकाही विद्यार्थ्याची हरकत निघाली तर प्रवेश नाही, अशी अट होती. आणि हरकत निघणार याची प्राध्यापकांना खात्री होती. विद्यार्थ्यांना वाटले, कोणीतरी गंमत केली आहे! त्यांनी आरडाओरडा करीत होकार दिला आणि नकार देणाऱ्या एकट्या सोबत्याला दमात घेऊन गप्प बसवले. काही दिवसांनी ती मुलगी खरोखरच वर्गात येऊन बसली, तेव्हा सारा वर्ग स्तब्ध झाला.

एलिझाबेथ पोहोचली ती नोव्हेंबर १८४७ मध्ये. सत्र आधीच सुरू झाले होते. तिच्यापाशी पुस्तके नव्हती, आणि वर्ग कोठे भरतो हेही तिला विचारून घ्यावे लागले. रस्त्याने जाताना बायका थांबून तिच्याकडे टक लावून पाहत. ही मुलगी एकतर वाईट चालीची असावी किंवा वेडी, असा गावाने तर्क केला होता. ती राहत होती त्या घरी जेवणाच्या मेजावर एका डॉक्टरांची पत्नी तिच्याशी शब्दही बोलत नसे. म्हणून एलिझाबेथ घरून विद्यालयात आणि विद्यालयातून थेट घरी, एवढीच वाट चाले.

वर्गात एकदा व्याख्यान चालू असताना घडी केलेला एक कागद तिच्या हातावर येऊन पडला. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे लागले. तिने लिहिणे थांबवले नाही. काही वेळाने हात किंचित हलवून तो कागद तेवढा खाली पाडला. पुन्हा तसा प्रसंग आला नाही. पूर्वी ज्या वर्गात गोंगाटामुळे व्याख्यान ऐकू येत नसे, तेथे आता शांतता राहू लागली.

खरी कसोटी पुढेच होती. शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक डॉ. वेब्स्टर स्वभावाने मोकळे होते. पण प्रजननेंद्रियांच्या पाठाच्या वेळी तिने बाहेर राहावे असे त्यांनी सुचवले. तिने शांतपणे पत्र लिहून कळवले की, आपण येथे केवळ विद्यार्थी म्हणून आलो आहोत. तथापि वर्गाचीच तशी इच्छा असेल तर आपण दूर राहू. प्राध्यापकांनी ते पत्र वर्गात वाचून दाखवले. ज्या तरुणांनी थट्टेने होकार दिला होता, त्यांनीच या वेळी मनापासून तिची बाजू घेतली.

त्या काळी वैद्यकाचे शिक्षण सुमारे चार-चार महिन्यांच्या दोन सत्रांत उरके. मधली सुटी १८४८ च्या उन्हाळ्यात आली. ती विश्रांतीत न घालवता एलिझाबेथ फिलाडेल्फियातील ब्लॉकली येथे गेली. हे शहरातील दरिद्री लोकांचे मोठे आश्रयगृह व रुग्णालय होते. तिच्यापाशी पदवी नव्हती, हुद्दा नव्हता. स्त्रियांच्या कक्षाशेजारच्या खोलीत राहून ती रुग्णांची सेवा व निरीक्षण करू लागली. तेथील तरुण डॉक्टरांना हे रुचले नाही. ती कक्षात आली की ते निघून जात. खाटेच्या उशाशी लावलेल्या पत्रकावर रोगाचे नाव व उपचार लिहिण्याचा प्रघात होता. तोही त्यांनी बंद केला. तेव्हा रोग्याच्या तोंडून ऐकून, नाडी पाहून, लक्षणे टिपून तिला स्वतःच निदान करावे लागे.

त्या वर्षी आयर्लंडातील दुष्काळातून सुटून आलेले लोक जहाजांतून अमेरिकेत उतरत होते. बटाट्याचे पीक रोगाने गेल्यामुळे तेथे हाहाकार उडाला होता. जहाजांतील गर्दीत त्यांना टायफसचा ज्वर जडे आणि ब्लॉकलीचे कक्ष त्या रुग्णांनी भरून जात. हा रोग अंगावरील उवांमुळे पसरतो हे १९०९ मध्ये सिद्ध झाले. १८४८ मध्ये ते कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही एलिझाबेथने उघड्या डोळ्यांनी पाहिले की, घाण, कोंडलेली हवा आणि उपासमार जेथे आहे तेथे हा ज्वर फोफावतो. याच विषयावर तिने आपला पदवीप्रबंध लिहिला आणि औषधांइतकेच स्वच्छता, मोकळी हवा व सकस अन्न यांना महत्त्व दिले.

२३ जानेवारी १८४९ रोजी वर्गात पहिली येऊन तिने पदवी घेतली. अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री होय. परंतु एवढ्याने दार उघडे राहिले असे नाही. तिची धाकटी बहीण एमिली हिने अर्ज केला, तेव्हा त्याच विद्यालयाने तिला प्रवेश नाकारला.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १८४९ मध्येच पॅरिसच्या प्रसूतिगृहात काम करताना एका बालकाच्या डोळ्यांचा संसर्ग होऊन डॉ. ब्लॅकवेल यांनी एक डोळा गमावला आणि शस्त्रवैद्य होण्याची आशा सोडली. १८५७ मध्ये एमिली व डॉ. मारी झाक्रझेव्स्का यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्कमध्ये गरीब स्त्रिया व मुले यांच्यासाठी रुग्णालय उघडले. १८६८ मध्ये त्याला जोडून स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालय काढले. तेथे आरोग्यशास्त्र हा विषय त्या स्वतः शिकवीत. ब्लॉकलीचा धडा त्या विसरल्या नव्हत्या. १८७४ मध्ये लंडनला स्त्रियांसाठी निघालेल्या वैद्यकीय विद्यालयाच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. मुंबईच्या डॉ. रखमाबाई पुढे याच विद्यालयात शिकल्या. ३१ मे १९१० रोजी इंग्लंडात हेस्टिंग्ज येथे डॉ. ब्लॅकवेल यांचे निधन झाले.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काहीजण लवकरच पणजीला, बेळगावला किंवा त्याहून दूर शिकायला जातील. पहिल्या सत्रात एकटेपणा वाटला, तर आपण त्या जागेस अपात्र आहोत असे समजू नका. एलिझाबेथलाही एकटेपणा होता. ती नेमाने वर्गात येत राहिली, एवढेच. आणि सुटी मिळेल तेव्हा जवळच्या रुग्णालयात जाऊन एखाद्या निराधार रुग्णाला पाणी द्या, त्याचे पत्र लिहून द्या, त्याचे म्हणणे ऐकून घ्या. रुग्णाच्या उशाचे पत्रक कोरे असतानाही ती खाटेपाशी बसून राहिली. तिच्या पदवीप्रबंधाचा विषय तिला तेथेच मिळाला.