रघुनाथ धोंडो कर्वे : चरित्र-परिचय

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. १८९१ मध्ये आई राधाबाई बाळंतपणात मरण पावल्या, त्या वेळी रघुनाथ नऊ-दहा वर्षांचे होते. त्या काळी असे मृत्यू घरोघरी घडत आणि ते दैवाच्या खात्यावर टाकले जात. हे मृत्यू टाळता येतील, अशी भूमिका पुढे रघुनाथरावांनी घेतली. त्यांच्या कार्याकडे या दृष्टीने पाहावयास हवे.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच विषयाच्या उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. तेथून परतल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र याच वर्षी सुरू झाले, हे लक्षात घेतल्यास कर्व्यांचे द्रष्टेपण जाणवते. १९२३ मध्ये त्यांनी या विषयावर मराठीत पुस्तक लिहिले. या लेखनामुळे महाविद्यालयाच्या चालकांशी मतभेद झाले आणि १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील नोकरी त्यांना सोडावी लागली.

जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. शरीराविषयी बोलण्यासाठी तेव्हाच्या मराठीत एकीकडे संस्कृतप्रचुर आडपडदा होता, तर दुसरीकडे शिवी. कर्व्यांनी या दोहोंमधील सरळ, शास्त्रीय आणि निःसंकोच भाषा निवडली. या भाषेमुळेच त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. तरीही कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र थांबले नाही.

पत्नी मालतीबाई यांनी आर्थिक ओढगस्त सोसून या कार्यात साथ दिली. मूल होऊ न देण्याचा निर्णय उभयतांनी विचारपूर्वक घेतला होता. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे निवर्तले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम स्वीकारला होता.

कर्व्यांचा आग्रह केवळ कमी मुलांसाठी नव्हता. मूल केव्हा व्हावे आणि व्हावे की नाही, हे स्त्रीने ठरवावे व त्यासाठी लागणारे ज्ञान तिला मिळावे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. तेलगावच्या विद्यार्थ्याला हा विचार जुना वाटणार नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी पती-पत्नीची जोडी ‘कोयता’ म्हणून ऊसतोडीला जाते. या स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याच्या तक्रारींमुळे २०१९ मध्ये राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पुरेशी माहिती न मिळता घेतलेली संमती ही खरी संमती असते काय, हा प्रश्न कर्व्यांच्या चरित्राने आपल्यापुढे ठेवला आहे.

स्वयं-अध्ययन : कर्व्यांच्या कार्यात भाषेच्या निवडीला कोणते महत्त्व होते, ते आपल्या परिसरातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.