व्यापार सोडून आलेला बंधू : संत गोन्सालो गार्सिया



वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना आपण रक्तसाक्षी म्हणून ओळखतो. पण आपले पाचारण नेमके कोणते, हे उमगायला त्यांनाही बरीच वर्षे लागली.

त्यांचा जन्म सुमारे 1557 साली वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. शिक्षण येशूसंघीय धर्मगुरूंकडे झाले. कोवळ्या वयातच ते धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तेथील भाषा शिकले आणि सुमारे आठ वर्षे मिशनकार्यात मदत करीत राहिले. येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्यांची मनापासून इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही.

मग ते व्यापाराकडे वळले. धंद्यात जम बसला, पैसा आला, ओळखी वाढल्या. घरच्यांनी चारचौघांत अभिमानाने सांगावे असे सारे होते. तरी मनाची ओढ काही जाईना. अखेर चाललेला व्यापार सोडून ते फिलिपिन्समधील मनिला येथे गेले आणि फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. ते धर्मगुरू झाले नाहीत. शेवटपर्यंत बंधूच राहिले.

1593 साली मनिलाच्या गव्हर्नरांचे दूत म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानला निघाले. त्यांना दुभाषा हवा होता. बंधू गोन्सालो बरोबर गेले. पूर्वीची जी वर्षे वाया गेली असे वाटावे, त्याच वर्षांत शिकलेली भाषा आता देवाच्या कामी आली. पुढे क्योतो शहरात मठ उभा राहिला, कुष्ठरोग्यांची सेवा सुरू झाली.

डिसेंबर 1596 मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने त्यांना अटक झाली. डाव्या कानाचा तुकडा कापून कैद्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेले. तेथे 5 फेब्रुवारी 1597 रोजी 26 जणांना क्रूसावर ठार मारले. त्यांत 17 जपानी प्रापंचिक होते, लहान मुलेही होती. बंधू गोन्सालो तेव्हा चाळिशीचे होते. पोप पायस नववे यांनी 8 जून 1862 रोजी त्यांना संतपद बहाल केले.

व्यापारात त्यांनी किती कमावले, हे आज कोणी विचारत नाही. आपल्या आंबिवली-मोहने परिसराने 2009 साली एनआरसी कारखाना बंद पडलेला पाहिला. काम गेले की आपली किंमतच गेली, असे माणसाला वाटते. मुलांना कमी गुण मिळाले, हवा तेथे प्रवेश मिळाला नाही, तरी घराघरांत हीच काळजी असते. अशा वेळी गोन्सालोंची आठवण करावी. एक दार बंद झाले म्हणून देवाने हाक मारणे थांबवले नव्हते, आणि शिकलेले काहीही फुकट गेले नाही. मुलांना पगाराविषयी जरूर विचारू या. पण तुझ्या हातून कोणाची सेवा घडावी असे तुला वाटते, हेही एकदा विचारू या.

संत गोन्सालो गार्सिया, आमच्या तरुणांसाठी विनंती कर.