सर विल्यम रोवन हॅमिल्टन

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस संगणकावरील खेळांची गोडी आहे आणि त्यांच्या पालकांस त्याच गोष्टीची काळजी आहे, हें आम्ही जाणतों. कांहीं मोठीं मुलें तर गेम इंजिन घेऊन असे खेळ स्वतः रचूं लागलीं आहेत. त्यांची एक तक्रार नेहमीं ऐकूं येते. खेळाडूस पुढें चालवावें तर तो भलतीकडे जातो, कॅमेरा वळवावा तर तो हिसके देतो, आणि क्षितिज कलंडतें. ह्या दुखण्याचें औषध ज्यांनीं १८४३ सालींच शोधून ठेविलें, त्या थोर गणितज्ञाचें चरित्र आज आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

विल्यम हॅमिल्टन यांचा जन्म आयर्लंडांतील डब्लिन शहरीं १८०५ सालच्या ऑगस्ट महिन्यांत झाला. वडिलांनीं त्यास लहानपणींच ट्रिम ह्या गांवीं आपले बंधु जेम्स यांच्याकडे ठेविलें. हे चुलते धर्मोपदेशक असून शाळा चालवीत असत. त्यांच्या हाताखालीं विल्यम लॅटिन, ग्रीक व हिब्रू शिकला. पुढें अरबी, फारसी व संस्कृत यांचाही त्यानें अभ्यास केला. वडिलांनीं एका पत्रांत त्याच्या भाषांची जी यादी दिली आहे, तींत आपल्या मराठीचेंही नांव आढळतें! १८१३ सालीं झेरा कोलबर्न नांवाच्या अमेरिकन मुलानें त्यास तोंडी हिशेबांत हरविलें. परंतु विल्यमनें गणिताकडे पाठ फिरविली नाहीं. १८२७ सालीं, ट्रिनिटी कॉलेजांत तो अद्यापि विद्यार्थी असतांनाच, ज्योतिषशास्त्राच्या प्राध्यापकाच्या जागीं त्याची नेमणूक झाली. तेव्हांपासून डन्सिंक येथील वेधशाळा हेंच त्याचें आयुष्यभराचें घर झालें. १८३५ सालीं त्यांस 'सर' ही पदवी मिळाली.

सपाट कागदावरील वळण दोन अंकांच्या जोडीनें दाखवितां येतें, हें त्या काळीं ठाऊक होतें. मग तीन दिशांच्या अवकाशांतील वळण तीन अंकांनीं कां दाखवितां येऊं नये, असा हॅमिल्टन यांस ध्यास लागला. बेरीज जमे, पण गुणाकार जमेना. सकाळीं न्याहारीस येतांच मुलें बापास विचारीत कीं, गुणाकार जमला काय. आणि बाप खिन्नपणें मान हालवी.

१८४३ सालच्या ऑक्टोबरच्या १६ तारखेस ते पत्नीसह रॉयल कालव्याच्या कांठानें डब्लिनकडे पायीं चालले होते. ब्रूम पुलापाशीं त्यांस एकाएकीं उमगलें कीं, तीन नव्हे तर चार अंक पाहिजेत. शिवाय गुणाकारांत क्रम बदलला तरी उत्तर तेंच येतें, हा लहानपणापासूनचा नियम सोडून दिला पाहिजे. त्यांनीं खिशांतील चाकूनें तें सूत्र पुलाच्या दगडावर कोरलें. ह्या चार अंकांच्या समूहास त्यांनीं क्वाटर्नियन असें नांव दिलें.

क्रमाचें महत्त्व काय, हें कोणासही घरीं पाहतां येईल. हातांत पुस्तक उभें धरावें. तें आधीं आपल्यापासून दूर पाव वळसा कलवावें, मग उजवीकडे पाव वळसा फिरवावें. पुन्हां आरंभापासून हींच वळणें उलट क्रमानें द्यावीं. पुस्तक दोन्ही वेळां सारखें राहत नाहीं.

खेळांतील कॅमेऱ्याचेंही असेंच आहे. डावी-उजवीकडील वळण जगाच्या उभ्या आंसाभोंवतीं होतें व वर-खालचें वळण खेळाडूच्या स्वतःच्या आडव्या आंसाभोंवतीं होतें. ह्यांच्या गुणाकाराचा क्रम चुकला कीं क्षितिज कलंडतें. तीन कोन निरनिराळे ठेवून ३५० अंशांवरून १० अंशांकडे सरळ हिशेबानें नेल्यास कॅमेरा २० अंशांऐवजीं ३४० अंशांची उलटी गिरकी घेतो. क्वाटर्नियननें जवळची वाट धरितां येते. मात्र एकाच वळणास परस्परविरुद्ध चिन्हांचे दोन क्वाटर्नियन असतात, त्यांतील जवळचा निवडावा लागतो. डाव्या-उजव्या वळणाचाच क्वाटर्नियन पुढच्या दिशेस लाविला, म्हणजे खेळाडू जिकडे तोंड तिकडेच चालतो. पाऊलही दर चित्रागणिक ठराविक न टाकतां गेलेल्या वेळाच्या प्रमाणांत टाकावें. नाहींतर जलद यंत्रावर तो धांवत सुटतो.

हॅमिल्टन यांनीं उरलेलीं बावीस वर्षें ह्याच विषयास वाहिलीं. १८५३ सालीं त्यांचा एक मोठा ग्रंथ निघाला. दुसरा अपुरा असतांनाच २ सप्टेंबर १८६५ रोजीं ते निवर्तले, व तो पुढील सालीं प्रसिद्ध झाला. नंतर गिब्ज व हेविसाइड यांची सोपी पद्धति रूढ झाली, आणि एवढ्या बुद्धिमान पुरुषानें आयुष्य फुकट घालविलें असें पुष्कळांस वाटूं लागलें. परंतु १९८५ सालीं केन शूमेक यांनीं संगणकावरील हलतीं चित्रें सफाईनें वळविण्यास क्वाटर्नियन वापरून दाखविले. आज गेम इंजिनांत ते सर्रास असतात.

जमिनीत गाडलेलें बीं पेरणाऱ्याच्या हयातींतच उगवेल असें नाहीं; पण निष्ठेनें केलेलें काम देव वाया जाऊं देत नाहीं, असा आमचा विश्वास आहे. म्हणून मुलांनो, कॅमेरा हिसके देऊं लागला तर यंत्रास दोष देऊं नका. आपण बिनचूक म्हणून धरून चाललेला एखादा नियम तर चुकीचा नाहीं ना, हें आधीं तपासा. आणि पालकांनीं, मूल न्याहारीस खिन्न मुद्रेनें आलें तर त्यास रागें भरण्यापूर्वीं, गुणाकार जमला काय, एवढेंच प्रेमानें विचारावें.