सिगारेट सोडली, पण...

सेंट लुईसचे सर्जन एव्हार्ट्स ग्रॅहम म्हणजे छातीच्या ऑपरेशनमधला बाप माणूस! १९३३ मध्ये त्यांनी कॅन्सर झालेलं अख्खं डावं फुप्फुस एकाच ऑपरेशनमध्ये काढलं. पेशंट स्वतः डॉक्टर होता. तो ठणठणीत बरा झाला.

ग्रॅहम मात्र सिगारेटवर सिगारेट ओढायचे. अर्न्स्ट वायंडर हा विद्यार्थी सिगारेट आणि कॅन्सरचं नातं शोधायला निघाला, तेव्हा सरांना ते पटलंच नव्हतं. तरी त्यांनी त्याला साथ दिली. (असे सर मिळायला नशीब लागतं, राव!) १९५० मध्ये दोघांच्या नावावर ६८४ पेशंटचा अभ्यास छापून आला. पुढे सरांनी सिगारेट सोडली.

१९५७ च्या सुरुवातीला फ्लूसारखं दुखणं आलं. तपासलं, तर कॅन्सर दोन्ही फुप्फुसांत. आता काय कापणार? ४ मार्चला ते गेले. १९३३ चा तो पेशंट तेव्हा हयात होता.

आज अमेरिकेत ५० ते ८० वयाच्या, वीस वर्षं रोज पाकीटभर ओढणाऱ्या किंवा गेल्या १५ वर्षांत सोडलेल्या लोकांना, काही त्रास नसतानाही, दरवर्षी कमी रेडिएशनचा सीटी स्कॅन करायला सांगतात. ग्रॅहम तेव्हा ७३ वर्षांचे होते, सिगारेट सोडून जेमतेम काही वर्षं झाली होती.