चंचलतेचं माप काढणारा बाशेलिए

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या फराळाला आला तो चेहरा पाडूनच. शेअरबाजारात एका शेअरचे ऑप्शन त्यानं विकले होते आणि त्यात त्याचे तीन महिन्यांचे पगार बुडाले होते. काकूनं पुढं केलेल्या चकलीला हात न लावता त्यानं मला मोबाइलवरचे दोन रकाने दाखवले. पहिल्यात, गेल्या महिन्याभरात शेअरचा भाव किती वरखाली झाला त्याचं माप. दुसऱ्यात, ऑप्शनच्या प्रीमियमवरून उलटं गणित करून काढलेली, यापुढं तो किती हेलकावेल याची बाजाराची अटकळ. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे प्रीमियम महाग, म्हणून विकावा, असा त्याचा हिशेब. शेकडो शेअर या चाळणीतून गाळून त्यानं नेमका हाच निवडला होता.

मी जन्मभर कॉलेजात गणित शिकवलं. ते दोन रकाने पाहिले आणि मला लुई बाशेलिए आठवला.

बाशेलिएचा जन्म ११ मार्च १८७० चा, फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरातला. वडील वाइनचे व्यापारी. १८८९ मध्ये काही महिन्यांच्या अंतरानं आई आणि वडील दोघेही गेले. घरात बहीण आणि तीन वर्षांचा भाऊ. शिक्षण बाजूला ठेवून पोरगा दुकानात बसला. पुढं सक्तीची लष्करी नोकरी झाली आणि १८९२ मध्ये तो पॅरिसला शिकायला आला.

२९ मार्च १९०० रोजी त्यानं थोर गणिती प्वांकारे यांच्यासमोर आपला प्रबंध मांडला. विषय होता सट्टा! सरकारी कर्जरोख्यांचे भाव आणि त्यांवरचे ऑप्शन घेऊन त्यानं दाखवून दिलं की, भाव वर जाणार की खाली हे सांगता येत नाही. पण तो किती हलेल याचं माप काढता येतं. त्या मापाला त्यानं रोख्याच्या अस्थिरतेचा, अस्वस्थपणाचा गुणांक म्हटलं. ही हालचाल दिवसांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एका दिवसात भाव साधारण २० रुपये हलत असेल, तर चार दिवसांत ८० नव्हे, ४० रुपये हलेल. १८९४ ते १८९८ मधल्या भावांवरून त्यानं ऑप्शनच्या किमती मांडल्या आणि बाजारातल्या प्रत्यक्ष किमतींशी ताडून पाहिल्या. पुतण्याच्या दोन रकान्यांचं मूळ हेच! आणि सट्टेबाजाच्या नफ्याची गणिती अपेक्षा शून्य, हेही त्यानं तिथंच लिहून ठेवलं.

प्वांकारे यांनी कल्पनेच्या नवेपणाचं कौतुक केलं, पण प्रबंधाला सर्वोच्च श्रेणी मिळाली नाही. बाजारासारखा विषय गणितज्ञांना परकाच होता. आइनस्टाईननं द्रवात तरंगणाऱ्या कणांच्या हालचालीसाठी याच जातीचं गणित १९०५ मध्ये मांडलं, म्हणजे पाच वर्षांनी. पहिल्या महायुद्धात बाशेलिए साधा शिपाई म्हणून गेला. परतल्यावर बझांसों, दिजों, रेन अशी गावोगाव हंगामी नोकरी. १९२६ मध्ये दिजोंची कायम जागा हुकली, कारण पॉल लेव्ही या नामवंत गणितज्ञानं एक उतारा पाहून त्याच्या कामात चूक असल्याचं कळवलं. लेव्हीला आपली चूक पुढं उमगली आणि दोघांत समेटही झाला. पण जागा गेली ती गेलीच. १९२७ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी, बझांसोंला त्याला प्राध्यापकपद मिळालं. २८ एप्रिल १९४६ रोजी तो वारला.

१९५० च्या दशकात अमेरिकेतले संख्याशास्त्रज्ञ सॅव्हेज यांनी अर्थशास्त्रज्ञांना पत्रं पाठवून या विसरलेल्या माणसाची चौकशी केली. पॉल सॅम्युएलसन यांनी प्रबंध शोधून वाचला. तिथून वाट निघाली ती १९७३ च्या ब्लॅक आणि शोल्स यांच्या सूत्रापर्यंत. प्रीमियमवरून बाजाराची अटकळ काढतात ती आजही बहुधा त्याच सूत्रानं.

हे सारं सांगून मी पुतण्याला विचारलं, "दुसरा आकडा इतका मोठा का होता, हे पाहिलंस?" त्यानं पाहिलं नव्हतं. दोनच दिवसांनी कंपनीचे तिमाही निकाल होते. बाजाराला ते ठाऊक होतं, म्हणून प्रीमियम चढला होता. मागच्या महिन्याच्या आकड्याला पुढची तारीख कशी कळणार? निकाल लागले, भाव उसळला आणि ऑप्शन विकणारा सापडला. तो एकटा नव्हे. सेबीनं २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते.

चाळणी खोटी नसते. महाग काय, स्वस्त काय, एवढंच ती दाखवते. महाग का, हे माणसानंच शोधायचं असतं. पुतण्यानं वहीत दोन रकान्यांशेजारी तिसरा आखला, निकालाच्या तारखेचा. मग त्याखाली, महिन्याच्या पगारातून किती गेलं तर घर चालेल, तो आकडा लिहिला. काकूनं ताटली पुन्हा पुढं सरकवली. या वेळी त्यानं चकली उचलली.